पोटऱ्यांतली कळ

मणिचान बाळंतखाटेवर पडून होती. खाटेखाली निखारे, ताटात चिकट भात, मीठ आणि भाजलेलं आलं. बाळंतिणीनं दुसरं काही तोंडात घातलं तर बाधतं, असं त्या डोंगरातलं सगळं गाव मानायचं. पण पोटऱ्यांत अशी कळ निघे, की नुसतं पांघरूण लागलं तरी ती ओठ चावी.

"शेक कमी पडला," सासू बुआखाम म्हणाली आणि तिनं निखारे वाढवले.

"नदीवरच्या भुताला ओलांडलंस तू," शेजारणीनं निकाल दिला.

मग सासू रोज त्या भुतापुढे उकडलेलं अंडं ठेवू लागली.

"भुताची चंगळ आहे, आई. मला मात्र मीठ-भात."

"जीभ बघा हिची! पाय गेले, जीभ शाबूत आहे."

एका सकाळी बाळानं रडायला तोंड वासलं, पण आवाज फुटेना. नुसती घरघर. मणिचानची पहिली मुलगी अशीच गेली होती. आधी आवाज बसला, मग तिनं दूध सोडलं.

"मी दवाखान्यात जाते."

"महिना भरला नाही. खाट सोडलीस तर मरशील!"

"मेले तर वाटेत मरेन. पण हे पोर असं जाऊ देणार नाही."

बाळ पाठीशी बांधून, काठी टेकत, बसत-उठत ती निघाली. सासू बडबडत मागून आलीच.

नर्सनं पोटरी दाबली तशी मणिचान किंचाळली.

"उकिडवी बस. आता हात न टेकता ऊठ."

तिला उठता येईना. दुसऱ्यांदा तर ती कोलमडलीच.

"खातेस काय?"

"भात, मीठ, आलं."

नर्सनं मायलेकरांना बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. "पायांना जे हवं ते या पांढऱ्या भातात नाही, म्हणून तुझ्या दुधातही नाही; त्यानंच बाळाचा आवाज बसलाय. मासे, अंडी, शेंगा, सगळं खा."

"बाधलं म्हणजे?" सासूनं विचारलं.

"मावशी, न खाल्ल्यानंच बाधलंय."

परतताना चढावर मणिचानला हात देत बुआखाम एकदम म्हणाली, "माझीही दोन गेली. आवाज बसूनच."

त्या दिवशीचं अंडं भुताकडे गेलं नाही. सासूनंच ते सोलून दिलं. मणिचाननं ते खाल्लं, वर भाजलेला मासा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "सकाळी सकाळी कोण बोंबलतंय गं एवढं?"

"आमचा नातू!" बुआखाम त्याहून मोठ्यानं ओरडली.

आत मणिचान उकिडवी बसली होती. पोटऱ्या अजून ठणकत होत्या. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले आणि उठू लागली.