कूलरच्या पायाखालची प्लेट

मित्रांनो, नोएडातल्या एका सोसायटीत आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत एक जुना कूलर उभा आहे. त्याच्या लोखंडी स्टँडचा एक पाय आखूड आहे. त्या पायाखाली जो काळपट, गंजका, जड चौकोन दिसतो, ती मी. माझे खरे नाव सरफेस प्लेट. इथे त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. झाडू मारायला येणारी बाई मला 'वो लोहा' म्हणते आणि माझ्या कडेकडेने केर काढून निघून जाते.

माझे काम काय होते, ते आधी सांगते. मी सपाट होते. एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठे? टेबलही सपाटच असते. पण बारीक अवजारे घडवणाऱ्या माणसाला विचारा. त्याला तुमच्या टेबलावर डोंगर आणि दऱ्या दिसतात. बोटाएवढे अवजार घडवताना ते सरळ झाले की कुठे वाकले, हे ताडून पाहायला एक जागा अशी लागते, की जिच्यावर शंका घ्यायची नाही. दीनानाथांच्या घरात ती जागा मी होते.

आम्ही तिघी बहिणी. गाझियाबादच्या एका भट्टीत एकाच दिवशी ओतल्या गेलो. तुमच्या आजीचा जड काळा तवा ज्या बिडाचा असतो, त्याच बिडाच्या आम्ही. दीनानाथ आम्हांला सायकलरिक्षात घालून घरी घेऊन आले. ते मूळचे मिरजेचे. दिल्लीत एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाच्या विभागात नोकरीला होते. गाझियाबादच्या घराची मागची पडवी विटा लावून बंद करून त्यांनी तिथे एक लहान लेथ, एक ड्रिल आणि एक शेगडा बसवला होता. घरचे त्या खोलीला 'कारखाना' म्हणत, थोडे कौतुकाने आणि बरेचसे वैतागाने.

ओतलेले बीड लगेच घडवायला घेत नाहीत. त्याच्या पोटात ताण असतो, आणि तो निघून जायला ऊन, थंडी, पाऊस लागतो. म्हणून आम्ही दोन वर्षे गच्चीवर पडून होतो. शेजारच्या पंजाबी काकू कपडे वाळत घालताना हसायच्या.

"भाभीजी, ये कौन सा अचार है जो दो साल से धूप खा रहा है?"

"इनसे पूछिए," शुभदाबाई म्हणायच्या. "मुझे तो हाथ लगाने की भी इजाज़त नहीं."

शुभदाबाई म्हणजे दीनानाथांच्या पत्नी. त्या हे हसत म्हणायच्या. पुढे हसणे गेले, वाक्य तेच राहिले.

मग दीनानाथांनी आम्हांला घडवायला घेतले. ते कसे, हे नीट ऐका, कारण माझी सारी कथा त्यात आहे. एकीला पातळ निळा रंग लावायचा आणि तिच्यावर दुसरी घासायची. दुसरीवर जिथे निळे ठिपके उठतात, तिथे उंचवटा. तो स्क्रेपर नावाच्या धारदार पट्टीने अगदी कणभर खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणे, पुन्हा खरवडणे. पण हे दोघींवर भागत नाही. एका हाताचा द्रोण करा आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यात ठेवा. छान बसते ना? पण म्हणून दोन्ही हात सपाट झाले का? दोघी जणी एकमेकींना सांभाळून घेतात आणि बघणाऱ्याला फसवतात. तिसरी आली, की लबाडी उघडी पडते. म्हणून तिघी. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर.

दीड वर्ष हे चालले, रोज कचेरीतून आल्यावर आणि सगळे रविवार. शेवटी तिघींच्या अंगावर सारखे, दाट, बारीक ठिपके उठले. दीनानाथांनी मला दुसरीवर ठेवून हलकेच ढकलले, तर मी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरले. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, झालं!"

शुभदाबाई ओले हात पुसत धावत आल्या.

"तिथेच थांब," दीनानाथ म्हणाले. "उंबऱ्याच्या आत येऊ नकोस. हाताला पाणी आहे तुझ्या."

त्या उंबऱ्यावरच थांबल्या. तिथून त्यांना माझी फक्त एक कड दिसली असेल.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे माझ्या वैभवाची. माझ्यावर दीनानाथांनी किती अवजारे घडवली! काटकोन तपासायचे अंगठ्याएवढे गुण्ये, गोल दांडी धरायचे खाचेचे ठोकळे, केसाएवढा फरक दाखवणाऱ्या सरळ पट्ट्या. चांदनी चौकातले घड्याळजी आणि भिंगे घासणारे कारागीर ती न्यायला येत. दीनानाथांच्या हाताखाली तयार झालेले गुलाबराव तर म्हणायचे, "सर, तुमचा गुण्या उजेडासमोर धरला तर फटीतून उजेडसुद्धा परवानगी घेऊन येतो." दीनानाथ हसू दाबत. माझ्या अंगावर रोज तेलाचा पातळ हात फिरे. माझ्याएवढे लाड त्या घरात दुसऱ्या कोणाचे झाले नाहीत, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

कारण एक दुपार मला आठवते. त्यांचा मुलगा उन्मेष तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने आपली चावीची मोटार माझ्यावर सोडली. घरात माझ्याइतकी गुळगुळीत जागा दुसरी नव्हती, त्यात त्याचे काय चुकले? पण चाकांना अंगणातली वाळू होती. माझ्यावर एक बारीक ओरखडा उठला. दीनानाथांनी त्याला मारले नाही. ते इतकेच म्हणाले, "ज्याला लोखंडाची किंमत कळत नाही, त्यानं या खोलीत पाऊल ठेवायचं नाही." ओरखडा दोन संध्याकाळींत निघाला. उन्मेष मात्र त्या खोलीत पुन्हा आला तो एकदम चाळिशी उलटल्यावर, खोली मोजायला आलेल्या बिल्डरबरोबर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. आजूबाजूच्या वर्कशॉपमधून सप्टेंबरात विश्वकर्मापूजा व्हायची. दीनानाथ मात्र आपली खंडेनवमी पाळत. ते माझ्यावर आधी तेलकट कागद पसरत, त्यावर कोरडे वर्तमानपत्र आणि त्यावर एक झेंडूचे फूल आणि चार अक्षता. कुंकवाचा कण माझ्या अंगाला लागू देत नसत. पाच मिनिटांत सगळे उचलून पुन्हा तेलाचा हात. शुभदाबाई निरांजन घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या असत. त्यांना दिसे ती फक्त दीनानाथांची पाठ. पाठीपलीकडे ते काय करतात, हे त्यांनी कधी पाहिले नाही, आणि दीनानाथांनी कधी सांगितले नाही.

तीन वर्षांपूर्वी घर पाडून तिथे मजले उठवायचे ठरले. दिवाळीनंतर रिकामे करून द्यायचे होते. दीनानाथांचे हात तेव्हा थरथरू लागले होते. त्यांना एकच काळजी होती, की आम्ही तिघी एकत्र राहाव्या आणि कामात राहाव्या. गुलाबरावांनी फरिदाबादला मुलांना अवजारे घडवायला शिकवायचा वर्ग काढला होता. "सर, दसरा झाला की तिघींना घेऊन जातो. माझी पोरं त्यांच्यावर हात बसवतील," ते म्हणाले. दीनानाथांनी माझ्या दोघी बहिणींना तेल लावून पेटीत बंद केले, किल्ली खिशात ठेवली. मी टेबलावर राहिले. खंडेनवमीला माझी शेवटची पूजा करून मलाही पेटीत ठेवणार होते.

नवमीच्या दोन दिवस आधी त्यांच्या छातीत कळ आली आणि उन्मेषने त्यांना नोएडाच्या रुग्णालयात नेले.

नवमीला सकाळी शुभदाबाई एकट्याच घरी आल्या. डबा आणि कपडे घेऊन त्यांना परत जायचे होते. पण त्या कारखान्याच्या दाराशी थबकल्या. मग चपला काढून त्यांनी उंबरा ओलांडला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"यांची पूजा चुकायला नको गं बाई," त्या मला म्हणाल्या. "चुकली तर त्यांचं काही बरंवाईट व्हायचं."

त्यांनी मला बोट लावून पाहिले. बोटाला काळे तेल लागले. असल्या मेणचट अंगावर कुंकू कसे लावायचे? त्यांच्या माहेरी पूजेआधी देवाची तांब्या-पितळेची उपकरणी उजळतात, तसे त्यांनी मला चिंचेने घासले, अगदी मन लावून, कोपऱ्याकोपऱ्यांतून. मग पाणी ओतले. ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले, हळद वाहिली, नारळ फोडून त्याचे पाणी माझ्यावर शिंपडले. हात जोडून डोळे मिटले, तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. जाताना धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपली एक जुनी ओली साडी माझ्यावर पांघरली आणि दाराला कुलूप लावले.

मित्रांनो, माझी एवढ्या प्रेमाने पूजा कोणी केली नव्हती. आणि त्या प्रेमाने मला आठ दिवसांत खाऊन टाकले. आंबट, खारे, ओले, आणि वर झाकण. बिडाला याहून मोठे विष नाही.

दीनानाथ घरी आले, तेव्हा गुलाबराव बरोबर होते. साडी काढली. स्वस्तिकाच्या जागी खोल तांबडे खड्डे पडले होते.

"हे कुणी केलं?"

"मी," शुभदाबाई म्हणाल्या. "पूजा केली. तुम्ही करता तशी."

"मी करतो तशी? मी चिंचेनं घासतो?"

"मला काय माहीत तुम्ही काय करता! तुमची पाठ दिसते मला फक्त."

गुलाबराव मध्ये पडले. "सर, होईल नीट. दोघी शाबूत आहेत ना? त्यांच्यावर ताडून हिला पुन्हा घडवता येईल. सहा महिने लागतील."

"कोण घडवणार? हे हात?" दीनानाथांनी थरथरते हात पुढे केले.

"मला शिकवा," शुभदाबाई म्हणाल्या. "माझे हात अजून धड आहेत. मी बिघडवली, मीच नीट करते."

दीनानाथ कडवट हसले. "हे पोळ्या लाटण्याइतकं सोपं नाही."

"पोळ्या लाटणं सोपं आहे, हे तुम्हांला कुणी सांगितलं? कधी लाटलीत एक तरी?"

गुलाबराव म्हणाले, "सर, वहिनी मनापासून म्हणतायत. मी दर रविवारी येत जाईन."

"दोघींना घेऊन जा," दीनानाथ म्हणाले. "स्क्रेपर, निळा रंग, सगळं ने. ही गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. खरे सांगू? त्या क्षणी ज्यांचा मला राग आला, त्या शुभदाबाई नव्हत्या.

बहिणी फरिदाबादला गेल्या. दोघीच. आपापसांत त्या जुळतात की फसवतात, हे सांगायला तिसरी नाही. मला सामानाबरोबर नोएडाला उन्मेषकडे आणले, ते केवळ भंगारवाला आला तेव्हा मी चुकून सामानात बांधली गेले होते म्हणून. कूलरचा पाय आखूड निघाला, तेव्हा उन्मेष म्हणाला, "अरे, बाबांचं ते लोखंड आहे ना? बिल्कुल फिट बसेल, यार." एकेकाळी केसाएवढी फट ओळखणारी मी, दोन इंचांची फट भरायला लागले. कूलरचे पाणी दोन उन्हाळे माझ्यावर ठिबकत राहिले. दीनानाथ गॅलरीत खुर्ची टाकून बसत, तेव्हा खुर्चीची पाठ माझ्याकडे असे.

गेल्या जानेवारीत कूलर झाकून कोपऱ्यात सरकवला, तेव्हा मी उघडी पडले. ऊन चांगले होते. दीनानाथांनी त्या दिवशी खुर्ची वळवली. पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी हाक मारली, "शुभदा, स्क्रेपर आण."

"स्क्रेपर गुलाबरावांना दिलात तुम्ही."

शुभदाबाई आत गेल्या आणि उलथणे घेऊन आल्या. दीनानाथांनी ते पाहिले आणि त्यांना हसू आवरले नाही. मग त्यांनी शुभदाबाईंचे हात धरून उलथण्यावर ठेवले आणि माझ्या अंगावर टेकवले.

"ढकलायचं, ओढायचं नाही. जोर मनगटात नको, खांद्यातून येऊ दे." थोडे थांबून, खालच्या आवाजात ते म्हणाले, "पोळी लाटतेस ना, तसंच."

शुभदाबाईंनी ढकलले. गंजाची एक बारीक साल निघाली. दीनानाथ थक्क होऊन त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "हात तयार आहे तुझा. कधी झाला?"

"तुमच्या घरात पन्नास वर्षं कणीक मळून," त्या म्हणाल्या.

"उन्मेषला सांग, फरिदाबादहून स्क्रेपर आणि एक प्लेट घेऊन ये. सोमवारपासून बसू." त्या संध्याकाळी, खंडेनवमीला पाठीपलीकडे आपण काय करत होतो, तेही त्यांनी शुभदाबाईंना पहिल्यांदा सांगितले.

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच दीनानाथ गेले.

अकराव्या दिवशी गुलाबराव भेटायला आले. स्क्रेपर त्यांनी आणला होता. तो आता स्वयंपाकघराच्या खणात, उलथण्याशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. एप्रिलमध्ये कूलरचा पाय पुन्हा माझ्यावर आला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच तुम्हांला सांगतात. मी तेवढेच सांगणार नाही. मला कोणी जपले नाही असे नाही. मला इतके जपले, की जपायचे कसे हे दुसऱ्या कोणाला कळूच दिले नाही. तुमच्यापाशी काही मोलाचे असेल, तर ते घरातल्यांना दाखवा. त्यांचे हात ओले असतील तर पुसायला कापड द्या, पण उंबऱ्यावर उभे करू नका.

यंदाच्या खंडेनवमीला शुभदाबाई गॅलरीत आल्या. हात कोरडे केले होते. शिवणाच्या मशीनचे तेल फडक्यावर एक थेंब घेतले आणि कूलरच्या पायाबाहेर माझे जेवढे अंग उरते, तेवढे त्यांनी पुसले. त्यावर तेलकट कागद, कागदावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर एक कोरडे फूल. पाच मिनिटांत सगळे उचलले आणि पुन्हा तेलाचा हात फिरवला. सगळे अगदी बरोबर केले.

फक्त ज्या अंगावर त्यांनी हात फिरवला, ते आता कुठेच सपाट नाही.