सम्यक वळून बघेल म्हणून

दीप्तीनं पोळ्या उलटायचा सराटा ताटावर हाणला, ठण्ण करून, सम्यकच्या डोक्यामागं अगदी हातभर अंतरावर, आणि श्वास धरून उभी राहिली. सहा महिन्यांचं पोरगं. उशीला टेकून बसलेलं, पायातला मोजा ओढून चोखत होतं. वळलं नाही. दचकलंसुद्धा नाही.

तिनं परत हाणला. मग परत, जोरात.

"अवं, ताट फोडतं का!"

तिची सासू प्रेमिला कणकेच्या हातानं ओरडतच बाहेर आली. तसे त्यांच्या लेआउटमध्ये सगळेच ओरडून बोलायचे, इलाजच नव्हता. हुडकेश्वरच्या पुढं, घरांच्या मागच्या भिंतीला लागून गेल्या दिवाळीत डेटा सेंटर सुरू झालं आणि ते घूंऽऽ जे लागलं ते लागलंच. खोलीएवढाले पंखे, दिवसरात्र, खिडकीची काच थरथरते, ओट्यावरच्या गंजातलं पाणी थरथरतं. अर्ज दिला तर एक माणूस आला, मशीन धरून आवाज मोजला आणि म्हणाला, नियमात आहे. तेव्हा दीप्तीला सातवा महिना होता. पोटातलं लेकरू सातव्यात ऐकायला लागतं, हे तिनं नंतर मोबाइलवर वाचलं, आणि त्या दिवसापासून ती सम्यकच्या डोक्यामागं काही ना काही वाजवून बघत होती.

"आई, त्याले आयकू नाही येत."

"काय?"

"आयकू नाही येत त्याले!"

प्रेमिलाच्या बोटांवरची कणीक वाळत चालली होती. ती आधी नातवाकडं बघत राहिली आणि मग एकदम सुनेवरच उखडली.

"तोंडाले लगाम लाव. दिवसातून चाळीस वेळा डोक्यामागं ताट बडवतं, उबगलं असन ते. मीबी उबगली."

"पयले वळे न तो. आता नाही वळत."

"आन् तू वळतं का? तुलेबी चार-चार हाका माराव लागते. तुह्याच वळणावर गेलं."

एरवी दीप्ती हसली असती. आज तिनं सम्यकला उचललं आणि छातीशी इतकं आवळलं की ते कुरकुरलं.

कानाच्या डॉक्टरची वेळ शनिवारची मिळाली. मधले तीन दिवस तिनं काय नाही केलं? किल्ल्या वाजवल्या, बेल वाजवली, नवऱ्याला, म्हणजे प्रीतमला, अंगणात गाडीचा हॉर्न मारायला लावला.

"बस न आता," प्रीतम म्हणाला, "समोरचे नत्थूजी दोनदा फाटक उघडून आले, पाहुणे आले म्हणून."

तो हसवायला बघत होता, पण त्याचाही हात हॉर्नवरून निघत नव्हता. आणि कुणी बघत नसलं की दीप्ती पोराशी हातांनी बोलायला लागली. मूठ उघडली-मिटली म्हणजे दूध. ओठांवर बोट फिरवलं म्हणजे मिशी, म्हणजे बाबा. शिकवून ठेवलेलं बरं. एकदा प्रेमिलानं दारातून ते पाहिलं, आणि तशीच मागं फिरली.

शनिवारी धंतोलीतल्या दवाखान्यात पोचले तेव्हा प्रीतमला बाहेरच थांबवलं. आतल्या खोलीला हे एवढं जाड दार, भिंतींना गादीसारखं काहीतरी. दार लागलं आणि प्रेमिला दचकली.

"अवं माय, किती शांत हाय इथं."

कित्येक महिन्यांनी ती हळू बोलली होती. दीप्तीनं तिच्या ओठांकडं बघून नुसतीच मान हलवली. तिला इथंही घूंऽ येतच होतं, बारीक. एसी असेल, तिला वाटलं.

तपासणाऱ्या मॅडम तिच्याच वयाच्या. त्यांनी सम्यकला प्रेमिलाच्या मांडीवर बसवलं, दीप्तीला समोरच्या खुर्चीत, हातात एक रबरी बदक दिलं.

"बाळाला तुमच्याकडे बघत ठेवा. मी मागून घंटी वाजवते. तुम्ही काही बोलायचं नाही."

मॅडम प्रेमिलाच्या मागं गेल्या. त्यांचे हात दिसेनात. दीप्ती बदक हलवत राहिली. तळवे इतके घामेजले की बदक निसटायला लागलं. आता वाजेल. आता. सम्यक बदकाकडं बघतोय, लाळ गाळतोय, आणि दीप्तीच्या मनात एकच, वळ रे राजा, एकदा वळ.

सम्यकनं झटकन मान डावीकडं वळवली. मग उजवीकडं. मग परत डावीकडं, आणि खुदकन हसला.

"आयकलं वं!" प्रेमिलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "आयकलं माह्या राजानं, दोन्ही कानानं आयकलं! घरी त्या घूंऽत काय आयकू येईन त्याले!"

दीप्ती गोंधळून दोघींकडं बघायला लागली.

"काय आयकलं? मॅडम, त्याले तुमचा हात दिसला असन. वाजवा न आता. काहून थांबल्या?"

प्रेमिलाचं रडणं मधेच थांबलं.

मॅडम हात पाठीमागं ठेवूनच सावकाश खोलीला वळसा घालून आल्या आणि दीप्तीच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. दीप्ती वळायला लागली तर त्यांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे, समोर बघा.

समोर सम्यक होता. त्यानं दीप्तीच्या उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, डोळे मोठे करून. मग डाव्या खांद्यावरून. मग परत उजव्या. आणि टाळी वाजवावी तसे दोन्ही हात हलवून हसला.

दीप्ती त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली. तिच्या कानात फक्त तेच बारीक घूंऽ होतं.