तीनशे बारा चादरी

"तीनशे बारा चादरी मी काय नेसून घरी आले का?" आई म्हणाली आणि तिने ठकीचं दुपटं एवढ्या जोरात झटकलं, की डोळे मिटायला आलेली ठकी दचकून रडायला लागली.

ठकी माझी मुलगी, साडेचार महिन्यांची. तिला घेऊन मी तेव्हा आईकडे राहत होते. आई सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत होती. धुऊन आलेल्या चादरी घ्यायच्या, वॉर्डांना वाटायच्या. सगळे तिला चादरवाल्या मावशी म्हणत. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि त्या दिवशी मेट्रनबाईंनी तिच्या हातात कागद ठेवला होता. तीनशे बारा चादरी कमी भरतात, महिन्याच्या आत खुलासा करा, नाहीतर सेवापुस्तकात शेरा जाईल. 'चोर' हा शब्द कागदावर कुठे नव्हता. असायची गरजही नव्हती.

चादरी कमी पडत होत्या हे खरंच होतं. कमी पडतात म्हणून आई हात आखडता घ्यायची. दहा मागितल्या की सहा द्यायची, त्याही सही घेऊन.

खुलासा लिहायचा तर आधी शोधायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती वॉर्डावॉर्डांतून फिरली. हाडांच्या वॉर्डात सलाइनच्या खोक्यांत पंचेचाळीस चादरी निघाल्या. लहान मुलांच्या वॉर्डात कपाटावरच्या सुटकेसमध्ये साठ. तिथली सिस्टर ओशाळलीसुद्धा नाही. "मावशी, तुम्ही दहाच्या सहा देता, म्हणून आम्ही वीस मागतो," ती म्हणाली. "उरतात त्या दडवतो. रविवारी तुमची खोली बंद. तेव्हा पेशंटखाली काय माझा एप्रन अंथरू?"

आई घरी आली आणि भाजी चिरायला बसली. चिरता चिरता मध्येच थांबली.

"चोर कुणीच नाही गं. मी कमी देते म्हणून त्या दडवतात आणि त्या दडवतात म्हणून मला कमी पडतं. सव्वीस वर्षं हा घाणा मीच ओढतेय. वर प्रामाणिकपणाचा तोरा."

उपाय तिला सापडला, पण तो उलटा होता. मागेल त्याला मागेल तेवढं द्यायचं. सही नको, घासाघीस नको. आधी सगळ्याजणी अधाशासारख्या नेतील आणि रॅक ओस पडतील. मग हळूहळू भरवसा बसेल, कपाटं तुंबतील, आणि दडवलेलं आपोआप बाहेर येईल. हे करून बघायला तिने मेट्रनबाईंकडे पंधरा दिवस मागितले. घासाघीस करून त्यांनी आठ दिले.

त्याच आठवड्यात आईने ठकीच्या झोपेतही लक्ष घातलं. दुपारी मी तिला मांडीवर हलवायचे; थांबले की ती रडायची, रडली की मी आणखी जोरात हलवायचे. माझे पाय सुजले होते. आईचं म्हणणं होतं, की खाली ठेव, शेजारी बस, पोटावर हात ठेव, पण उचलू नकोस. चार-पाच दिवस थयथयाट करेल, मग जमेल तिला. पहिल्या दुपारी ठकी पाऊण तास रडली. दुसऱ्या दुपारी विसाव्या मिनिटाला मीच रडायला लागले आणि तिला उचलून घेतलं. आईला काही बोलले नाही.

तिकडे चौथ्या दिवशी रॅक कोरडे पडले. टेबलावर घालायला चादर नाही म्हणून एक ऑपरेशन अर्धा तास थांबलं. डॉक्टर मेट्रनबाईंवर ओरडले, त्या आईवर. दुपारपर्यंत आईची बदली केसपेपरच्या खिडकीवर झाली. तिच्या जागी स्टोअरमधले एक गृहस्थ बसले. किल्ल्या देताना आईने त्यांना एवढंच सांगितलं, की मागेल त्याला द्या. शेरा त्याच दिवशी चढला. निष्काळजीपणा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ दिवस दिले होते ना, मग चौथ्याच दिवशी कसं काय? भांड, अर्ज कर, माणसं गोळा कर, काय काय बोलले मी. आई पाय चेपत ऐकत होती.

"त्यांचं तरी काय," ती म्हणाली. "समोर रड चालू असली की कुणाला धीर निघत नाही."

मी ठकीच्या झबल्याचे बंद सोडून पुन्हा बांधत बसले.

दहाव्या दिवशी ठकीची राहिलेली लस टोचायला मी तिला आईच्याच हॉस्पिटलात नेलं. केसपेपरच्या रांगेत उभं राहून माझा नंबर आला, इतक्यात ते गृहस्थ घाईघाईने खिडकीशी आले.

"मावशी, परवापासून चादरींचा पूर आलाय. कालच्या मोजणीत कमी तर नाहीच, उलट सात जास्त. रॅकमध्ये मावेनात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं हो. मी केलं काय, तेच मला कळलं नाही."

"मग आईचा शेरा काढणार का?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "विचारलं मी. मावशींच्याच सांगण्यावरून दिल्या, तेही सांगितलं. मेट्रनबाई म्हणाल्या, शाईने लिहिलेलं आता खोडता येत नाही."

मी आणखी काही बोलणार, तोच आई त्यांना सांगायला लागली, "खालच्या कप्प्यात ठेवू नका, ओल येते. विरलेल्या वेगळ्या काढा, शिवायला पाठवा. आणि आता भरपूर आहेत म्हणून मोजून द्यायला लागू नका."

ते गेले. मागून कुणीतरी आवरा म्हणालं. आईने माझ्याकडे न बघता कोरा केसपेपर पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

मी ठकीचं पाळण्यातलं नाव सांगितलं. दुसऱ्याच अक्षराशी शाई फिसकटली. तो कागद बाजूला सारून तिने दुसरा घेतला आणि पहिल्या अक्षरापासून, सावकाश, लिहायला लागली.