नोर्झोमची माती

शेत गोठण्याआधी त्यातली थोडी जमीन घरात आणून ठेवायची, ही त्या खोऱ्यातली रीत. सुगी संपली, खळ्यावरचा भुसाही आत गेला, की झंस्करच्या त्या वरच्या गावात घरोघर टोपल्या निघायच्या. बायका शेतातली कोरडी, मऊ माती पाठीवरून वाहून आणायच्या आणि गोठ्यामागच्या खोलीत तिचा ढीग रचायच्या. मग बाहेर बर्फ माणसाच्या छातीला लागे, नदीचा दगड होई, आणि आत अंधारात, जनावरांच्या उबेला, ती माती निजून असे.

हिवाळा सरला की तिने शेतात परत जायचं. बर्फावर ती काळी माती विखुरली की ऊन तिला धरतं, ती बर्फाला धरते, आणि उघड्या डोंगराच्या कितीतरी आधी शेत मोकळं होतं. जव पिकायला जेवढे दिवस लागतात, नेमके तेवढेच दिवस इथल्या आभाळाच्या गाठीला असतात. वर एक नाही. उशिरा पेरलेलं जव हिरवंगार उभं राहतं आणि पहिल्या हिमात तसंच हिरवं मरतं. मग वर्षभर पीठ कुठून आणायचं?

चोरोलला हे चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी तिने त्या ढिगाला हात घातला.

तिची नोर्झोम जन्मली तीच नको त्या वेळी, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरत होता तेव्हा. एवढीशी होती, आजीच्या दोन तळव्यांत मावेल अशी. तिथली लेकरं कमरेपर्यंत कातड्याच्या पिशवीत बसवतात, आणि पिशवीत शेळीच्या लेंड्यांची चाळलेली, तव्यावर ऊन केलेली पूड असते. ओलं झालं की पूड शोषून घेते, ऊब मात्र सोडत नाही. पण त्या हिवाळ्याच्या तोंडालाच लांडगा कोंडवाड्यात शिरला होता. उरल्यासुरल्या शेळ्यांची पूड किती पुरणार? ती सरली त्या दिवशी नोर्झोमची पावलं निळी दिसायला लागली. नवरा रिगझिन दूर रस्त्याच्या कामावर, खिंड उघडेपर्यंत यायचा नव्हता. चोरोलने भांडं उचललं, गोठ्यामागच्या खोलीत गेली आणि त्या निजलेल्या मातीतून भांडंभर घेऊन आली.

ती तव्यावर माती परतत होती तेव्हा सासूच्या हातातली माळ थांबली.

"शेत भाजतेस का गं?"

"हो, आमाले."

"चाळून घे. खडा टोचेल तिला." आणि माळ पुन्हा चालू झाली.

सासरे आबाले एवढे सहज थांबले नाहीत. रोज भांडं भरून आलं की ते चहाच्या वाटीआडून विचारत, "माझ्या नातीने आज किती शेत खाल्लं?"

"खात नाही, भिजवते," आमाले म्हणे. "अजून शेतात पाऊल टाकलं नाही आणि पाणी द्यायला लागलीये. तुमच्यावर नाही गेली."

आबाले हसत. पण हसून झालं की डोळे गोठ्याकडे जात, ते चोरोलला दिसे. भिजलेली माती ती माळवदावर नेऊन, शेण्यांच्या राशीआड, कोपऱ्यात ओतायची. तिथे ती गोठून गठ्ठा व्हायची, वर बर्फ पडायचा. तिचा विचार कोण करणार? पोरीची पावलं लाल झाली होती, गालांवर सफरचंदं आली होती.

गावच्या ज्योतिषाने, ओनपोने, पोथी पाहून माती टाकायचा दिवस दिला, तोवर ढीग निम्म्याहून खाली गेलेला. सगळा गाव टोपल्या घेऊन पांढऱ्या उतारावर उतरला. चोरोल पोरीला पाठीशी बांधून, पोटाशी टोपली धरून माती उडवत होती, उदी टाकावी तशी.

शेजारच्या शेतातून कुनझेस ओरडली, "चोरोल, माती टाकतेस की मीठ? थुक्प्यात तर तुझा हात एवढा आखडत नाही!"

"जाड टाकली तर बर्फाला गोधडी होते, आचे. तुझ्याकडचा बर्फ बघ, घोरायला लागलाय."

"ऐका! काल बाळंतीण झाली, आज मला शेती शिकवते!"

बायका खळखळून हसल्या. संध्याकाळपर्यंत उतारावर काळ्या खुणा उमटल्या, आणि चोरोलचा जीव जरा भांड्यात पडला. पातळ का होईना, माती सगळीकडे पुरली होती.

पहाटे उठून पाहतात तो पुन्हा सगळं पांढरं. रात्रीतून बर्फाने वीतभर थर अंथरला होता. एक खूण उरली नव्हती.

गावाने सुस्कारा सोडला आणि घरात राखून ठेवलेला दुसरा ढीग उपसायला घेतला. त्यासाठीच तर माती जास्त ठेवायची असते. चोरोलच्या घरी आबालेंनी झाडू घेतला आणि रिकामी खोली कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडली. जेमतेम एक टोपली निघाली. ती त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतः बसले.

कुनझेस कुंपणाशी येऊन उभी राहिली. आज तिच्या तोंडात थट्टा नव्हती. "असती तर दिली असती गं. माझंच वरचं शेत पांढरं राहतंय."

"आबाले, मी..." चोरोल त्यांच्यासमोर खाली बसली.

"काय मी? पोर घ्यायचं की शेत, असं मला विचारलं असतंस तर मीसुद्धा पोरच म्हटलं असतं." ते टोपलीकडेच बघत होते. "पण पोराला पुढल्या हिवाळ्यात पीठ लागेल ना."

या बोलण्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. चोरोल उठली. पोरीची कातडी पिशवी उन्हात टाकायची होती, तेवढंच निमित्त. जिना चढून ती माळवदावर गेली.

आणि तिथेच उभी राहिली.

डोंगर पांढरे, छपरं पांढरी, आभाळाच्या कडेपर्यंत बघावं तिकडे डोळे दुखतील असं पांढरं. आणि माळवदाच्या कोपऱ्यात, शेण्यांच्या राशीआड, एक काळीभोर जागा. रात्रीचा बर्फ तिथे टिकलाच नव्हता. सगळ्या हिवाळ्याचा तो गठ्ठा फुटून ओला झाला होता, आणि त्यातून वाफ निघत होती. हळूहळू, दुधावरून निघते तशी.

"आमाले!" ती ओरडली. "आमाले, टोपल्या आणा!"

आबालेंनी पहिली टोपली खाली घेतली, नाकाशी नेली आणि मान मागे झटकली. "अगं, हे काय?"

"तुमच्या नातीची कमाई," आमाले म्हणाली. "नाक धरा आणि उचला."

तिघांनी ढेकळं फोडली, हातांनी चुरली. सगळ्या शेताला ती पुरणार नव्हती, पण वरच्या लांब पट्टीला पुरली, आणि झाडून काढलेली टोपली खालच्या कडेला गेली. कुनझेस आपलं काम टाकून मदतीला आली, नाकाला शाल लावून. "शी! माझी चार पोरं वाढली, तेवढा मूत फुकट गेला म्हणायचा!"

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पट्टीवर बारीक बारीक भोकं पडली होती, मधाच्या पोळ्यासारखी. कान लावला तर आतून आवाज येत होता. टिपटिप, मग झिरझिर, मग कुणी दबक्या आवाजात बोलत असावं तसं. चोरोल पोरीला घेऊन तिथेच बसून राहिली. तिने अशी किती वितळणी पाहिली होती! पण ज्या मातीला आपण रात्र-रात्र तव्यावर ऊब दिली, ती आता डोंगराएवढ्या थंडीला आपली ऊब देतेय, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ऊन इथेही तेवढंच होतं आणि शेजारीही तेवढंच. तरी बर्फ आधी इथे खचत होता. गावाची इतर शेतं अजून ठिपक्याठिपक्यांची असताना ती पट्टी उघडी पडली, काळी, ओली, चकाकणारी. आणि कुठून कोण जाणे, एक चंडोल येऊन तिच्यावर उतरला.

गावातली म्हातारीकोतारी बघायला आली. एका आजोबांनी नुसते हात जोडले. शेताला की पोरीला, ते कळलं नाही.

पट्टीच्या कडेने खालचं शेतही हळूहळू सुटत गेलं. पेरणीच्या दिवशी आबाले नांगराच्या झोंची, याक-गाईच्या संकरातल्या बैलांची, जोडी घेऊन आले, शिंगांना लोणी लावलेलं. नांगर टेकवण्याआधी त्यांनी चोरोलला हाक मारली.

"बघ गं, जमीन तयार आहे का. तुझ्या हाताला जास्त कळतं."

चोरोल वाकली. रोज पहाटे नोर्झोमच्या पिशवीत घालायची तसा, न कळतच, तिने मातीत हात घातला. थेट मनगटापर्यंत गेला. ओली होती, आणि ऊन होती. पोर नुकतंच उठलंय आणि आता रडणार, तेव्हाची ती ऊब. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. हात बाहेर काढावासा वाटेना.

"काय गं?" आबाले म्हणाले. "झोपली आहे का अजून?"

"नाही आबाले. जागी झालीये," चोरोल म्हणाली. "पेरा."