रिकाम्या कोटाचं मत

आता सांगतोय त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. माझा स्वतःचाही पहिली दोन वर्षं बसला नव्हता. पण विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत एका रिकाम्या कोटानं मतदान केलं, तेही रीतसर हात वर करून, हे मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या एकात आता मोतीबिंदू आहे. तेव्हा नव्हता.

विषय निघाला नातीमुळे. यंदा ती परिषदेची सचिव झाली आणि पहिल्याच महिन्यात तोंड पाडून घरी आली. तिसरी बैठक रद्द. कोरमला अकरा जण लागतात, येतात दहा.

"आबा, तुम्ही तीस वर्षं परिषदेच्या कार्यालयात शिपाई होता ना? तुमच्या वेळी कोरम कसा भरायचा?"

"कोटानं," मी म्हणालो.

तिची आजी खिडकीपाशी नातीच्याच कुर्त्याला बटण लावत बसली होती. तिनं सुई थांबवली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाका घातला. आमच्या घरात याचा अर्थ, बोला, पण बेतानं.

तर आमचं कार्यालय पहिल्या मजल्यावर. मधोमध एक लांबलचक टेबल. त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुन्या कार्यक्रमपत्रिकांची घडी. या पत्रिका मीच छापायचो, कोपऱ्यातल्या सायक्लोस्टाइलवर. त्या यंत्राची शाई कागदाला कमी आणि मला जास्त लागायची. साबण संपायचा, बोटं काळीच.

क्रीडा प्रतिनिधी होता एक लंबू. उंच इतका, की दारातून येताना आधी नमस्कार केल्यासारखा वाकायचा. त्याचा जीव मैदानात. बैठकीला यायचा, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायचा, हजेरी झाली की मागच्या दारानं पसार. पुढे पुढे त्यानं येणंच सोडलं. कोट मात्र खुर्चीवरच राहिला. तपकिरी, जाड, कोपरांना चामड्याची ठिगळं. अध्यक्ष नाव पुकारायचे, "क्रीडा प्रतिनिधी?" आणि दहा गळे एका सुरात म्हणायचे, "हजर!"

"आणि कुणालाच काही वाटायचं नाही?" नात म्हणाली.

"पहिल्या दोन बैठकांना वाटलं असेल. तिसरीपासून तो रिवाज झाला. रिवाजाला कोण हात लावतो? लंबू पदवी घेऊन गेला, तरी कोट दरवर्षी निवडून येत राहिला. एकदा तर बिनविरोध. त्याला ओळखपत्रसुद्धा होतं. फोटोत कॉलर फार छान आली होती."

"आबा, पुरे हं."

"तू पुढे ऐक. खरी गोष्ट आता येते."

तळमजल्यावर परिषदेच्या मालकीची एक खोली होती, अभ्यासिका. ती संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवायची तर दरवर्षी परिषदेत तसा ठराव लागायचा. तिथं खिडकीजवळच्या टेबलावर गणिताच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी बसायची. वडील पत्र्याचे डबे आणि बादल्या ठोकणारे. दुकान आणि घर एकाच खोलीत, मधे पडदा. सकाळपासून हातोडी सुरू, ती थेट रात्रीच्या जेवणापर्यंत. अशा खोलीत माणूस बहिरा होईल, गणिती कुठून होणार? आदल्या वर्षी तिचा एक विषय राहिला होता. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, यंदा पास हो, नाहीतर उद्यापासून बादल्यांना कड्या लावायला बस. माणूस वाईट नव्हता. खाणारी तोंडं सात होती, एवढंच.

मी रोज आठला कुलूप घेऊन जायचो. ती मान वर न करता म्हणायची, "अहो किल्लीवाले, एवढं एकच गणित." त्या एका गणिताला पाऊण तास लागायचा. मी दारात उभा राहून मुद्दाम किल्ल्या वाजवायचो. काही दिवसांनी वाजवायचं सोडलं. आणखी काही दिवसांनी किल्ल्या हातरुमालात गुंडाळून न्यायला लागलो, चुकूनसुद्धा वाजू नयेत म्हणून.

"ओहो!" नात म्हणाली.

"ओहो काय? किल्ल्या गंजू नयेत म्हणून."

त्या वर्षी उपाध्यक्ष होता एक पहिलवान. दंड असे, की शर्टाच्या बाह्यांना दया यावी. त्याला अभ्यासिकेच्या जागी टेबल टेनिस हवं होतं. बरं, त्याच्या मागे पाच मतं. अभ्यासिकेच्या बाजूलाही पाच. आणि नियम असा की मतं समसमान पडली, तर ठराव पडला. म्हणजे पहिलवानाला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं बरोबरीत सुटलं तरी भागत होतं.

मुलीनं अर्ज केला, म्हणून तिला पाच मिनिटं बोलायला दिली. हातातला कागद तिनं शेवटी घडी करून ठेवला. घराबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "टेबल टेनिसचा आवाज बादलीपेक्षा कमी असतो, हे मला मान्य आहे. पण मला तुमच्या खेळाशी भांडायचं नाही. मला बसायला जागा हवी आहे." आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली, कोटाच्या अगदी समोर.

मतं मोजली. पाच आणि पाच.

पहिलवान हात चोळत उठला. "चला, संपलं."

तेवढ्यात विधी शाखेचा प्रतिनिधी उठला. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणायचे. कायद्याच्या परीक्षेत दोनदा आपटला होता, पण एकाच पुस्तकाची तीन-तीन पारायणं झाल्यामुळे कलमं तोंडपाठ.

"अध्यक्ष महाराज, हजेरीत अकरा जण लिहिलेत. मतं दहा. अकरावं कुठाय?"

"अरे, तो कोट आहे!" पहिलवान म्हणाला. "कोट काय मत देणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग गैरहजर लिहा. म्हणजे आज कोरम नाही. म्हणजे गेल्या तीन वर्षांत एकाही बैठकीला नव्हता. ज्या बैठकीत तुला उपाध्यक्ष केलं, तिलाही नव्हता."

टेबलाचा आखूड पायसुद्धा डुगडुगायचा थांबला. आपणच पाळलेल्या रिवाजानं आपलाच पाय धरला होता. कोट हजर नाही म्हणावं, तर सगळी परिषदच घरी जाते. हजर म्हणावं, तर त्याचं मत घ्यावं लागतं.

अध्यक्ष मवाळ माणूस. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आधी चहा घेऊ. चहानंतर क्रीडा प्रतिनिधींचं मत घेण्यात येईल."

सगळे व्हरांड्यात गेले. मी किटली फिरवली. मुलगी तेवढी बाकावरून हलली नाही. मी तिच्यापुढे कप धरला, तर तिनं मान हलवली. म्हणाली, "किल्लीवाले, उद्यापासून तुम्हाला लवकर घरी जाता येईल." हसायला गेली बिचारी, पण हसू काही जमलं नाही. मग बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेली. मी किटली खिडकीत ठेवली.

"आणि?" नात म्हणाली.

"आणि काय?"

"तुम्ही कुठे गेलात?"

"मी? मी कामाला गेलो. शिपायाला काय कमी कामं असतात?"

चहा संपवून मंडळी आत आली. ती मुलगीही पदराला हात पुसत येऊन बसली. आता नीट ऐका. कोट जागेवरच होता, पण जरासा भरल्यासारखा दिसत होता. आधी पाठीवर लोंबायचा, आता खुर्चीत बसला होता. कॉलर वर. थंडीचे दिवस, त्यात सगळ्यांनी गरम चहा प्यालेला. कोटालाही ऊब लागली असणार. जाड कापड फुगतंच.

अध्यक्षांनी नजर कागदावरून काढलीच नाही. म्हणाले, "क्रीडा प्रतिनिधी. अभ्यासिका आठपर्यंत उघडी ठेवण्याच्या बाजूने असल्यास हात वर करावा."

आणि कोटाची उजवी बाही वर गेली.

"पंखा असेल," नात म्हणाली.

"थंडीत कोण पंखा लावतं?"

"मग वारा."

"वारा काय बाहीत खालून शिरून हात वर करतो? शहाणीच आहेस. सरळ वर गेली बाही. थोडी थरथरत होती, पण वर. मोजेपर्यंत खाली आली नाही."

पहिलवानानं तोंड उघडलं. हेडक्लार्कांनी त्याच्याकडे पाहिलं, तसं मिटलं. हे हेडक्लार्क म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे. एक कप फुटला म्हणून त्यांनी माझ्या आधीच्या शिपायाला घरी बसवलं होतं. सव्वीस वर्षं परिषदेचं इतिवृत्त लिहीत होते, आणि एक खोटा स्वल्पविराम त्यात कधी पडला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, बाहीकडे पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं. मग दौतीत टाक बुडवला आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "क्रीडा प्रतिनिधी: बाजूने. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकदम आपापले कागद आवरायला लागले. त्या मुलीनं चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत तिनं एक नाही, तीन गणितं सोडवली. वर्षअखेर पहिल्या वर्गात पास. बादल्यांच्या कड्या पुढे धाकट्या भावानं लावल्या.

"आणि कोट?" नातीनं विचारलं. आता ती माझ्या पायाशी येऊन बसली होती, आणि गालातल्या गालात हसत होती.

"कोट त्या दिवसानंतर कुणाला दिसला नाही. लाजाळू होता. एवढं एकच काम त्याच्या हातून व्हायचं होतं. म्हणून सांगतो पोरी, अकरावा माणूस मिळत नसेल, तर एक चांगला, रिकामा, तपकिरी..."

खिडकीपाशी कट्कन दोरा तुटला. आजीनं कुर्ता झटकला, बटण ओढून पाहिलं आणि तो नातीच्या मांडीवर टाकला.

"अहो किल्लीवाले," ती म्हणाली, "आता पोरीला असले धडे देणार असाल, तर मला बोलावंच लागेल. मी समोरच्या बाकावर होते. त्या बाहीतून हात बाहेर आला होता, आणि त्याची पाचही बोटं सायक्लोस्टाइलच्या शाईनं काळी होती. मी पाहिली, अध्यक्षांनी पाहिली, हेडक्लार्कांनी तर चष्मा पुसून पाहिली. नोकरी जाईल म्हणून तो हात लटलट कापत होता. चाळीस वर्षं ऐकतेय मी हे. साफ खोटं! कोट रिकामा नव्हता."