भंडाऱ्याची चक्रं

चोवीस सालच्या फाल्गुनात भैरूच्या थोरलीचं लग्न झालं, आणि मुळशी धरणाकाठच्या त्या वाडीत देव फोटोत यायला लागला तो तेव्हापासून. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात लोकांनी 'येळकोट येळकोट' करत मुठी भरभरून भंडारा उधळला. फोटोवाला होता बंडोपंत. फोटो आले, तर धाकट्या रेश्माच्या डोक्याभोवती उजेडाची गोल चक्रं तरंगत होती. तिच्या आईनं, चंद्राबाईनं, फोटोलाच हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडं बंडोपंतानं नीट बघून घेतलं. आषाढात त्यानं लग्नाची कामं बंद केली आणि दाढी वाढवली. दिवाळीपर्यंत दर रविवारी देवराईतल्या खंडोबापुढं पार हिंजवडीच्या गाड्या लागायला लागल्या.

उत्कर्षाबाई वाडीच्या शाळेत शिकवायच्या. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून भटकायचं, हा त्यांचा शिरस्ता. आधी पौडचा बाजार, तिथं सुकट विकणाऱ्या बाया; मग येताना रानातली फुलपाखरं आणि ओल्या लाकडावरची बुरशी. एका पाखरासाठी त्या चिखलात पालथ्या पडून राहत. बाया म्हणायच्या, "मास्तरीणबाईला ल्योक झाला तरी काखंत ह्यो डबाच ऱ्हाईल." बाई हसून पुढं जात.

त्या रविवारी बाजाराची पिशवी घेऊन बाई देवराईच्या वाटेनं आल्या, तर आत जत्रा भरलेली. बंडोपंत फ्लॅशची बत्ती असलेला जुना छोटा कॅमेरा नाचवत होता.

"द्येव काय टावरवर बसतुया व्हय, हाक मारली की यायला? भंडारा उधळा, वाट दिसू द्या त्याला! बत्ती लागली की चक्र धरतंय, चक्र धरलं की रोग पळतुया!"

"महाराज, माझं अप्रेझल अडकलंय," एक पांढऱ्या बुटातला म्हणाला.

"उधळ अजून एक मूठ! सायबाच्या टकल्यावर बी चक्र बसवतो."

लोक हसले. बाईही हसल्या असत्या, पण चौथऱ्यावर त्यांना रेश्मा दिसली. त्यांच्याच वर्गातली, बारा वर्षांची. ओठ तडकलेले, डोळे खोल गेलेले. लोहाराच्या भात्यासारखा तिचा श्वास चालला होता, आणि समोर पन्नासेक मोबाईल तो टिपत होते.

"वारं आलंय अंगात! लई जागृत पोर हाय!" बंडोपंत तिच्याकडं बोट दाखवत म्हणाला.

"चंद्राबाई, हिची सुई?" बाईंनी विचारलं. रेश्माला साखरेचा आजार होता. इन्सुलिनची सुई रोज लागायची. सहलीत ती बाईंनीच टोचली होती.

"बंद केली, बाई. परवापासनं. महाराज म्हन्ले, द्येवाच्या अंगात सुया खुपसता काय?"

"बाई, पाणी," रेश्मा म्हणाली.

"पानी न्हाई!" बंडोपंत ओरडला. "द्येव तिला आतनं वाळवतुया!"

बाईंनी पोरीच्या तोंडाजवळ नाक नेलं. सडक्या फळासारखा वास येत होता. "भैरूदादा, हे वारं नाही. रक्तात विष साठलंय. आत्ता दवाखान्यात न्या."

भैरू बायकोकडं बघायला लागला. बायको हातातल्या फोटोकडं. तीच म्हणाली, "डोळ्यांनी बघितल्यालं खोटं कसं वं, बाई?"

डोळ्यांनी बघितलेलंच मोडायचं, दुसरा इलाज नव्हता. बाईंनी बंडोपंताच्या हातातला कॅमेरा हिसकला, मूठभर भंडारा उचलला, जवळ खाजवत बसलेल्या खरजुल्या कुत्र्यापुढं उधळला आणि बत्ती मारली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुत्र्याभोवती दहा-बारा चक्रं उमटली.

"बघा! कुत्र्यालाही देव आला!"

मग बंडोपंतानं दोन्ही हात वर केले. "आन् येनारच! कुत्रं कुनाचं? खंडोबाचं! ह्या नास्तिक बाईच्या हातनं बी मल्हारी परगटला रं! येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" गर्दी गरजली. एकानं कुत्र्याच्या पायावर डोकं ठेवलं. रेश्मा कुशीवर होऊन ओकली, तिकडं कुणी पाहिलंच नाही.

बाईंनी पिशवीतलं ज्वारीचं पीठ काढलं. देवराईच्या कडेला शहरी पाहुण्यांनी फेकलेल्या दारूच्या बाटल्यांचा ढीग होता. त्यावर पीठ उधळून बत्ती मारली. चक्रं. बत्ती बंद करून पुन्हा पीठ उधळलं, फोटो काढला. एकही चक्र नाही.

"हाही खंडोबाच का?" बाई ओरडल्या. "अहो, धूळ आहे ही! ह्या कॅमेऱ्यात बत्ती भिंगाला चिकटून असते. उडालेला कण भिंगाच्या अगदी पुढ्यात येतो, बत्तीत लखलखतो, आणि इतक्या जवळचं कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून तो फुगून गोल चकती होतो. भंडारा उधळा, पीठ उधळा, नाहीतर राख!"

एकेक करत मोबाईल खाली आले. बंडोपंत लघवीचं निमित्त करून झाडीत गेला तो गेलाच.

भैरूनं पोरीला उचललं. पांढऱ्या बुटाची गाडी सगळ्यांत पुढं उभी होती. "साहेब, सोडता का?" बाईंनी हात जोडले. त्यानं रेश्माच्या ओकलेल्या झग्याकडं पाहिलं. "सीट खराब होईल हो. ॲम्ब्युलन्स बोलवा ना."

शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला. रस्त्याला रिसॉर्टवरनं परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. चंद्राबाई पोरीच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती. ते गालावरून ओघळत होतं. "पी की गं बया," ती म्हणत होती, "आता पी की."

बंडोपंताला पोलिसांनी धरलं. तो जामिनावर सुटला. आता दुसऱ्या तालुक्यात फोटो काढतो म्हणतात, तिथंही गर्दी असते.

ज्याला देव मानायचा त्यानं मानावा. भंडारा कपाळाला लावावा, त्यानं कुणी मरत नाही. पण औषध थांबवा म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारावं, की हाच चमत्कार माझ्या पायताणावर करून दाखवतोस का. डोळ्यांना दिसलं म्हणजे खरं झालं, असं नसतं. का दिसलं, हे विचारायला पैसा लागत नाही आणि शाळाही लागत नाही. विचारायचं ते वेळेत विचारावं.

भैरू आणि चंद्राबाईची धाकटी मुलगी रेश्मा रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी, दवाखान्याच्या अलीकडं, टेम्पोत वारली.