विठूकाकांच्या नावाची पेटी

गॅसवर कुकर नव्हता, तरी मागच्या खोलीतून कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज येत होता. रुकय्याने आधी कानाडोळा केला. तिच्या घरात आवाजांना काही तोटा नव्हता. मुलाने, म्हणजे झहीरने, कुठून तरी उचलून आणलेला जुना फ्रिज तर दिवसभर रेड्यासारखा घुमायचा. पण मागच्या खोलीत फ्रिज नव्हता. तिथे आंब्यांची आढी होती, भाताच्या पेंढ्यात पिकत घातलेली. ती दारापर्यंत गेली तसा आवाज वाढला, आणि पेंढ्यातून मनगटाएवढं जाड, बदामी ठिपक्यांचं वेटोळं वर फुगलं.

तिने दार ओढून घेतलं, खालच्या फटीत गोधडी कोंबली, आणि मगच ओरडली.

झहीर काठी घेऊन धावत आला. फटीतून डोकावून म्हणाला, "अजगराचं पिल्लू हाय गं अम्मी. काय नाय करत. पोत्यात घालून सोडून येतो."

तिच्या लोधिवली गावातली निम्मी माणसं हेच म्हणाली असती आणि त्यातली निम्मी दवाखान्यात गेली असती. रुकय्याने त्याची काठी हिसकावली आणि जवळच्या चौक गावच्या निलेशला फोन लावायला सांगितलं. निलेश एका रिसॉर्टवर नोकरीला होता आणि साप पकडण्यात त्याचं नाव होतं. तो आला, एकदा बघितलं आणि झहीरकडे वळून म्हणाला, "अजगर? ही घोणस हाय. हिला पोत्यात घालाया गेला असतास तर तुलाच चादरीत घालून न्यावा लागला असता."

त्याने आकडीने तिला उचललं, नळीतून पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. रुकय्याचा जीव भांड्यात पडला. तिने चहाचं आधण ठेवलं. पण निलेश काही खोलीतून बाहेर येईना. तो आकडीने पेंढा थोडा थोडा बाजूला सारत होता.

"चाची," त्याने हाक मारली, "हिकडं कुणी येऊ नका. ही नुसती आलेली नाय, हितंच व्यालीय."

"म्हंजे अंडी?"

"घोणस अंडी नाय घालत. पिल्लं देती, ढिगानं. पेनाएवढी असतात, पण कमी समजू नका. जल्मल्या दिवसापासनं चावतात, इखारी." त्याने आकडीच्या टोकावर काहीतरी उचललं आणि बरणीत टाकलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "ह्या खोलीतला पेंढा भायेर कुठं गेला नाय ना? गोठ्यात, शेजारी कुनाकडं?"

रुकय्याच्या हातातली साखर ओट्यावर सांडली.

पेंढा गेला होता. सकाळीच गेला होता. लाकडी पेटीत खाली पेंढा, मग आंबे, मग पुन्हा पेंढा, अशी ती पेटी तिने स्वतः भरली होती आणि कर्जतला तिच्या मुलीच्या घरी रवाना केली होती. त्या घरात इल्मा होती, तिची नात. तीन वर्षांची पोर, आंबा म्हटलं की देहभान विसरणारी. हे रुकय्याला ऐकून माहीत होतं. नातीला तिने अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं.

त्याचं कारण रुकय्याच होती, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सिद्रा बाळंत झाली त्याच आठवड्यात तिचे अब्बा गेले. ओली बाळंतीण, धसका घेईल, दूध आटेल, चाळीस दिवस होईस्तोवर तिला कळू द्यायचं नाही, असं घरातल्या मोठ्या बायकांनी ठरवलं आणि रुकय्याने मान डोलावली. सिद्रा रोज फोन करायची. रुकय्या रोज सांगायची, अब्बा बरे आहेत, आत्ताच डोळा लागलाय. झहीरही तेच सांगायचा. चाळीस दिवस सरल्यावर सिद्रा बाळाला घेऊन, अब्बांसाठी नवा कुर्ता घेऊन आली आणि तिला कबर दाखवण्यात आली. कबरीवर तोवर गवत उगवलं होतं. त्या दिवशी ती जी गेली ती गेली. आईचा फोन नाही, भावाचा फोन नाही.

मग रुकय्याने काय करावं? दर साल पेटी भरायची आणि शेजारच्या विठूच्या नावाने धाडायची. विठू म्हणजे सिद्राच्या अब्बांचा दोस्त, भाताच्या पेंढ्याचा धनी आणि सिद्राचा लाडका काका. त्याचा मुलगा विपुल टेंपो घेऊन कर्जतला जायचाच. तो पेटी दारात ठेवून म्हणायचा, बाबांनी आंबे दिलेत. सिद्रा आनंदाने घ्यायची. विपुल संध्याकाळी येऊन सांगायचा, चाची, पोरगी कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खात होती. त्या एका वाक्यावर रुकय्या पुढचं वर्ष काढायची.

"विपुलला फोन लाव," ती म्हणाली. 

विपुलने फोन उचलला. पेटी केव्हाच पोचवली होती, तो आता बदलापूरच्या पुढे होता. त्याने सिद्राला फोन लावला. घंटा वाजत राहिली. "दुपारची पोर झोपते तवा ती फोन म्यूट करून ठेवते," तो म्हणाला. सिद्राचा नवरा अकरम माल आणायला मुंबईला गेलेला. त्याचाही फोन तिने घेतला नाही. झहीरने पाच वेळा लावला, पण त्याचा नंबर तर तिने कधीच बंद करून टाकला होता.

पोर झोपली आहे तोवर ठीक. उठली की पहिलं काय मागेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

रुकय्या मोटरसायकलवर बसायची नाही. गुडघे, शिवाय लाज. त्या दिवशी ती एका झटक्यात झहीरच्या मागे बसली. चपला घरातच राहिल्या.

शनिवार होता. चौकपासून कर्जतचा रस्ता फार्महाउसला निघालेल्या गाड्यांनी तुंबला होता. एका गाडीच्या खिडकीतून कुणीतरी करवंदांचा भाव करत होतं, अर्धा रस्ता अडवून. रुकय्याने आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. त्या गाडीवाल्याला दिली, आणि चांगली घसघशीत दिली. झहीरने गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवरून काढली. दोनदा चाक घसरलं आणि तिने पाय खडीवर टेकवले. "हळू घेऊ का?" त्याने विचारलं. "नको," ती म्हणाली. ती मनातल्या मनात दुआ मागत होती, पण शब्द पुढे जाईनात. पेटी भरताना तिने वरचा पेंढा कसा दाबून दाबून बसवला होता, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. किती मायेने दाबला होता! त्या मायेचीच तिला आता भीती वाटत होती.

कर्जतच्या दहिवलीत तळमजल्यावर सिद्राचं घर. बाहेर जाळीचं दार, आतलं लाकडी दार हवेसाठी उघडं. झहीरने बेल दाबली. सिद्रा आली. जाळीपलीकडे आईला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"कशाला आलात?"

रुकय्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. सिद्राच्या मागे, बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली ती पेटी होती. वरच्या फळ्या अजून ठोकलेल्याच होत्या. आणि पेटीपुढे फतकल मारून झोपेतून उठलेली इल्मा बसली होती. फळ्यांच्या फटीतून बोटं घालून ती पेंढ्याची एकेक काडी बाहेर ओढत होती.

"सिद्रा, पोरीला उचल."

"काय?"

"आधी उचल गं तिला! पेटीत जनावर हाय!"

"विठूकाकांची पेटी हाय ती," सिद्रा म्हणाली. "तिच्यात काय हाय ते तू मला सांगनार?"

"आपा, खरं बोलते गं अम्मी," झहीर मधे पडला. "शप्पत."

सिद्रा हसली. ते हसू फार वाईट होतं. "तू पन शप्पत घेतलीवतीस झहीर. अब्बा झोपल्यात म्हनून. अब्बा तवा मातीखाली होते."

झहीरची मान खाली गेली. कडी आतून होती. रुकय्याने जाळी दोन्ही हातांनी धरली. खोटं ती कायम सफाईने बोलली होती. खरं बोलायची मात्र सवय नव्हती. आणि आता जे बोलायचं ते बोलल्यावर पुन्हा कधी पेटी पाठवता येणार नव्हती, हेही तिला कळत होतं.

"विठूची नाय ती. माझी हाय. दर सालची पेटी मीच धाडते, विठूच्या नावानं. तू माझी घेतली नसतीस म्हनून. आज माझ्या आढीत घोनस निघाली, व्यालेली. त्याच पेंढ्यात मी ही पेटी भरली. अब्बांच्या वेळंला मी खोटं बोलले. पेटीचं पन खोटं बोलले. आता नाय बोलत. जल्मभर माझं कायबी ऐकू नको सिद्रा, येवढं ऐक."

 सिद्राने मान वळवली.

इल्माने एक काडी ओढली, बाजूला टाकली. दुसरी ओढली. तिसरीला तिचा हात लागायच्या आधीच ती हलली, आणि फटीतून आत गेली.

सिद्राने दोन ढांगांत खोली ओलांडली आणि पोरीला काखेतून असं उचललं की पोर भोकाड पसरून रडू लागली. कडी निघाली. झहीरने झाडूच्या दांड्याने पेटी ढकलत ढकलत उंबऱ्याबाहेर नेली, अंगणात उलटी पाडली आणि एका फळीवर दगड घातला. आंबे घरंगळले. पेंढ्याबरोबर एक पिल्लू बाहेर पडलं. पेनाएवढंच, पण ठिपके आईचेच, आणि फुत्कारही आईचाच. झहीरने त्याच्यावर बादली पालथी घातली, बादलीवर दगड ठेवला आणि निलेशला फोन लावला. मग तिथेच खाली बसला.

घरात सिद्राने पोरीचा फ्रॉक काढला, बोटांचं पेर न् पेर तपासलं, तळवे, कोपरं, मानेच्या घड्या. कुठे काही नव्हतं. तरी दवाखान्यात नेऊन दाखवायचं, असं ती स्वतःशीच म्हणाली. इल्मा आंब्यासाठी रडत होती.

रुकय्या दाराबाहेर पायरीवर बसली होती. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तिची अपेक्षाही नव्हती. अनवाणी पाय खडीने सोलवटले होते, ते आत्ता दुखू लागले. ती उठली. "पोरीला दाखवून आन," ती आत बघून म्हणाली. "जाते मी. पुढल्या साली नाय धाडनार काय."

सिद्रा पोरीला कडेवर घेऊन दारात आली.

"ही पेटी भरली कुनी?"

"सांगितलं ना. मीच."

"हातांनी?"

"हातांनी न्हाय तर कशानं?"

सिद्राने इल्माला झहीरकडे दिलं आणि आईची दोन्ही मनगटं धरली. हात पालथे केले, उताणे केले. बाह्या वर सारल्या. एकेक बोट उघडून बघितलं, पोरीची बघितली होती तसंच. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी लाल ओरखडा होता.

"हे काय?"

"पेटीचा खिळा लागला, भरताना."

"खरं सांग."

"खिळाच गं."

"अम्मी, खरं सांग मला!"

रुकय्या बोलणार होती की काही नाही, बरी आहे मी. तोंडात शब्द तयार होते, आयुष्यभर तयारच असायचे. पण सिद्राचे डोळे बघितले आणि ते शब्द निघेनात. सकाळी टोचलं होतं, एवढं खरं. काय टोचलं ते तिने बघितलं नव्हतं. पेंढ्यात हात होता तेव्हा.

"मला म्हाईत नाय," ती म्हणाली. "मी बघितलंच नाय गं."

सिद्राने रिक्षा बोलावली. दवाखान्यापर्यंत तिने आईचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली. झहीर पोरीला घेऊन मागून आला. इल्माला डॉक्टरांनी नखशिखांत तपासून सोडलं. रुकय्याला मात्र आत घेतलं. रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं, ते गोठतं का बघायला. सिद्रा दाराबाहेर उभी राहिली. बाकडं रिकामं होतं, पण ती बसली नाही. झहीरने दोनदा पाणी दिलं, तिने दोनदा परत केलं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "रुकय्याबाईंबरोबर कोण आहे?"

झहीर सवयीने पुढे झाला. सिद्राने त्याला हाताने मागे सारलं.

"मी. मुलगी त्यांची." तिचा आवाज फाटला होता. "बरं असो, वाईट असो. आधी मला सांगायचं."

डॉक्टर जरा चपापले. मग म्हणाले, "रक्त व्यवस्थित गोठलंय. सूज नाही. खिळाच असणार. रात्रभर ठेवून घेतो, पण काळजी करू नका."

"नक्की ना?"

"नक्की."

तेव्हा कुठे सिद्रा बाकड्यावर बसली आणि अब्बांसाठी रडली, मोठ्याने, दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली तरी. रुकय्याला ते आत खाटेवर ऐकू येत होतं. सलाइनची सुई टोचलेला हात घेऊन ती उठायला लागली, आणि नर्स तिला ओरडली.